चाचांचं कापडी चिलखत

चाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, साइज सांगितला. "चौदा बाय नऊ," ते म्हणाले आणि पुन्हा पत्र्यावर वाकले. मी नुकताच पुण्याहून बहरीनला आलेला, सलमाबादमधल्या एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून रुजू झालेला, गळ्यात कोरं करकरीत आयडी कार्ड. मला वाटलं, मागे उभ्या असलेल्या कोणाला तरी सांगताहेत. मागे कोणी नव्हतं. चौदा इंच ही माझ्या छातीची रुंदी होती आणि नऊ इंच जाडी. डक्ट म्हणजे छतामागून थंड हवा नेणारी पत्र्याची नळी. तीस वर्षं त्याच नळ्या बनवल्यामुळे चाचांना माणसंही त्याच मापात दिसायची.

कोणालाही सोडायचे नाहीत. आमचे जनरल मॅनेजर 'बावीस बाय सोळा, आणि आतून सगळे रिकामे.' हिशेब विभागातला केरळी माणूस 'बारा बाय आठ, पण गळती नाय.' माझं माप तर ते दरवर्षी नव्याने जाहीर करायचे. लग्न करून आलो त्या वर्षी मी पंधरा बाय साडेनऊ झालो, मुलगी झाली त्या वर्षी सोळा बाय दहा. "बायको चांगली हाय तुझी," ते सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं म्हणाले, "पण तू जरा चालत जा रे." टेप लावून मी एकदा गुपचूप खात्री केली. पाव इंचाचाही फरक निघाला नाही, आणि मला उगाच राग आला.

त्यांचं नाव इथे देत नाही. दिलं तरी सलमाबादेत कोणी ओळखणार नाही, तिथे ते नुसते चाचा. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातले, आमच्या वर्कशॉपचे फोरमन. उंची बेताची, खांदे रुंद, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. त्या टोपीच्या घडीत कायम एक अर्धगोल सुई खोचलेली आणि तिच्यात ओवलेला मेण लावलेला दोरा. पूर्वी डक्टवर थंडावा राखणारं कापसासारखं अस्तर लावायचे, त्यावर कॅनव्हासचं कापड ताणून चढवायचे आणि त्याच्या कडा या सुईने शिवायचे. आता सगळे गोंद फासून मोकळे होतात. चाचांना ते मान्य नव्हतं. "दोरा धरतो," ते म्हणायचे. "गोंद नुसता हो म्हणतो."

आणि दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे लेबल. वर्कशॉपमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात, साइज आणि जागा. कितवा मजला, कोणती खोली, कितव्या खांबाजवळ. मी एकदा घाईत नुसत्या साइज देऊन ड्रॉइंग पाठवलं, तर ते ड्रॉइंग पेन्सिलीच्या मोठ्या प्रश्नचिन्हासह माझ्या टेबलावर परत आलं. मी खाली जाऊन म्हटलं, "चाचा, जागा नंतर ठरवू ना." ते म्हणाले, "जागा नाय तर तुकडा कशाला बनवू? भिंतीला टेकवून ठेवायला?" मी वर जाऊन ड्रॉइंग पुन्हा काढायला बसलो.

तर असा हा माणूस वयाच्या साठीला ग्रीक सैनिक झाला. ते कसं झालं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अमवाज आयलंड्सवरच्या एका बंगल्यात छतातून पाणी टपकत होतं, म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो होतो. डक्टला घाम फुटला होता. थंड पत्र्याला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं, त्याला आमच्या धंद्यात घाम म्हणतात. चाचांचा हा जन्माचा वैरी. हॉटेलात, मॉलमध्ये, अगदी दवाखान्यात दुखणं घेऊन गेले तरी आधी छताकडे बघणार. पण त्या दिवशी त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. दिवाणखान्यात एका लाकडी स्टँडवर एक चिलखत उभं होतं. पांढरं, कापडाचं, कमरेखाली पट्ट्या लोंबणाऱ्या. शेजारी परातीसारखी मोठी गोल ढाल आणि पितळी शिरस्त्राण. घरमालक ग्रीक होता, बंदरावरचा इंजिनिअर, सहा फूट उंच ('अठरा बाय अकरा,' असं चाचा मला दारातच म्हणाले होते). तो अभिमानाने सांगू लागला की हे त्याने स्वतः बनवलंय, हुबेहूब अडीच हजार वर्षांपूर्वीसारखं. लिननचे बारा थर, जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने एकावर एक चिकटवलेले. इथल्या दहा-बारा हौशी लोकांचा त्यांचा गट होता. दर हिवाळ्यात ते किनाऱ्यावर जुन्या ग्रीक सैन्याची रांग उभी करायचे.

चाचांनी बोटाच्या पेराने चिलखतावर टकटक केलं. मग कान लावला. मग, देवाशपथ, वास घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, हा तर आपला कॅनव्हास! हे तर मी तीस वर्षं करतोय!"

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते चिलखताभोवती फिरले, खाली वाकले, जोड कुठे आहे ते शोधलं. जोड डाव्या बगलेखाली होता. ग्रीकाने समजावलं की डाव्या हातात ढाल असते, म्हणून उघडी बाजू ढालीच्या आड. "शहाणी माणसं," चाचा म्हणाले. मग आपल्या इंग्रजीत विचारलं, "माय फ्रेंड, व्हेअर थ्रेड?" ग्रीक म्हणाला, दोरा नाही, फक्त सरस. शिवलं होतं की चिकटवलं होतं यावर विद्वानांत वाद आहे, मूळ चिलखत एकही उरलेलं नाही, पण आमच्या गटाचा नियम सरसाचा. चाचांनी टोपीतल्या सुईला हात लावला. छतातला घाम त्या दिवशी मी एकट्याने पाहिला.

पुढचे चार महिने वर्कशॉपमध्ये जे चाललं होतं ते आठवलं की मला अजून उभं राहून बोलावंसं वाटतं. दुपारच्या सुट्टीत चाचा चिलखत बनवत होते! बाबुल बहरीन या जुन्या वेशीमागच्या बाजारात त्यांनी लिननसाठी सात दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानात एक धागा काढून काडीने जाळून बघायचे. जळालेल्या धाग्याची गोळी झाली की प्लास्टिक, राख झाली की खरं. सातव्या दुकानदाराने पुढच्या खेपेला आम्हाला पाहून शटर निम्मं ओढलं होतं. सरसाचाही प्रश्न होता. ग्रीकाकडचा सरस सशाचा होता आणि तो ससा कसा मेला हे कोणी सांगू शकेना, म्हणून चाचांनी तुबलीत जुनं लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराकडून म्हशीच्या कातड्याचा सरस मिळवला. तो शिजवला त्या दिवशी शेजारच्या गॅरेजवाल्यांनी आमच्याविरुद्ध तक्रार केली.

पण खरी करामत पुढे होती. गटातले बाकीचे लोक बारा थर जमिनीवर सपाट चिकटवायचे आणि सुकल्यावर अंगाभोवती वाकवायचे. त्याने आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि कडा पोटात टोचतात. चाचांनी आधी पत्र्याचा एक लंबगोल डक्ट बनवला, त्यांच्या स्वतःच्या मापाचा, सतरा बाय दहा, आणि त्यावर एकेक थर गुंडाळत गेले. बाहेरचा प्रत्येक थर आतल्यापेक्षा किंचित लांब. सुकल्यावर आतून डक्ट काढून घेतला. चिलखत आपलं आपण उभं राहिलं! अख्खं वर्कशॉप टाळ्या वाजवत होतं. ग्रीक बघायला आला, तेव्हा आत हात फिरवून सुरकुती शोधत राहिला.

फक्त एका ठिकाणी गाडी अडली. चिलखताखालचा अंगरखा मांडीपर्यंतच असतो, आणि चाचा म्हणाले, गुडघा झाकला पाहिजे. ग्रीक म्हणाला, सगळ्यांचा आखूड आहे. चाचा म्हणाले, "त्यांचे पाय त्यांचे." दोन दिवस कोणी कोणाला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रीकाने स्वतः एका जुन्या मडक्याचं चित्र पाठवलं, त्यात एका वयस्कर सैनिकाचा अंगरखा गुडघ्याखाली होता. चाचा चित्र मोठं करकरून सगळ्यांना दाखवत होते. "बघ, चांगल्या घरचा होता तो."

ढालीवर आपापलं चिन्ह काढायची पद्धत होती. कोणाचा सिंह, कोणाचा गरुड. चाचांनी माकूल काढलं, आठ हातांचा समुद्री प्राणी, कोकणात बाजारात मिळतो तसा. "का हो?" मी विचारलं. "खाडीत एकदा हाताला धरलं होतं त्याने," ते म्हणाले. "वडलांनी विळ्याने सोडवलं. असं धरता आलं पाहिजे."

हे सगळं चाललं असताना एक गोष्ट आम्ही दोघंही बोलत नव्हतो. चाचांची साठी झाली होती. कंपनीच्या नियमाप्रमाणे नोव्हेंबरात व्हिसा रद्द होणार, मग कायमचं गावी. आणि गटाची रांग उभी राहायची जानेवारीत. म्हणजे चिलखत तयार होणार आणि ते घालून उभं राहायला माणूस इथे नसणार. शेवटी मीच एक दिवस ग्रीकाला सांगितलं. त्याने विचार करून ऑक्टोबरातली एक संध्याकाळ ठरवली, फक्त चाचांसाठी. अट एकच. आधी त्याची तपासणी. साहित्यात एक जरी गोष्ट नियमाबाहेर निघाली तर रांगेत जागा नाही. "इंशाल्ला," चाचा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते वर्कशॉपमागच्या रस्त्यावर ढाल घेऊन चालायचा सराव करू लागले. बंगाली वेल्डर गेटवर उभे राहून ओरडायचे, "यल्ला चाचा, यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत चला.

आता मला माझा पराक्रम सांगावा लागणार.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी चिलखत वर्कशॉपच्या शेडमध्ये टांगलेलं होतं. शेजारी वेल्डिंग चालू, ठिणग्या उडताहेत, धूळ. माझा जीव खालीवर झाला. चाचा ढाल पोचवायला अमवाजला गेले होते. मी प्रेमाने चिलखत उचललं, वर नेलं आणि ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये टेबलावर ठेवलं. खोलीला कुलूप लावलं. आणि कापडाला दमटपणा लागू नये म्हणून एसी अठरावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या गाडीत घातलं, गाडीचाही एसी पूर्ण सोडला आणि गाणं गुणगुणत अमवाजला पोचलो. नऊ वर्षं मी पोट भरत होतो ते कोणत्या पत्र्याला कधी घाम फुटेल याची गणितं करून.

किनाऱ्यावर गाडीचं दार उघडलं आणि आधी माझा चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. बहरीनमध्ये हे रोजचंच, म्हणून मी हसत हसत चिलखत बाहेर काढलं. चष्मा पुसून पाहिलं तर त्यावर दवाचे थेंब उभे होते. बघता बघता कापड ओलं झालं. खांद्यावरून पुढे वळवून छातीवर बांधायच्या दोन पट्ट्या असतात, तिथे ताण सगळ्यात जास्त. तिथला सरस मऊ पडला आणि उजव्या पट्टीचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले.

तपासणीला अर्धा तास होता. वाळूत शाळेची मुलं आणि त्यांचे आईबाप येऊन बसले होते. धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

चाचा आले. गुडघ्याखालपर्यंत अंगरखा, पोटऱ्यांवर पितळी कवच, डोक्यावर अजून जाळीची टोपी. त्यांनी चिलखतावरून तळवा फिरवला, तसाच, जसा डक्टवरून फिरवायचे.

"रात्री कुठं होतं?"

"कॉन्फरन्स रूममध्ये."

"एसी?"

"अठरावर."

मी म्हटलं, "चाचा, मला माफ करा. चुकलं माझं. सगळं घालवलं मी तुमचं." मला खरंच रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही.

"इंजिनिअरसाहेब," चाचा म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असं म्हटलं. आणि त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसेना. त्यांनी टोपीतून सुई काढली. "रडतोस काय? धर इथं. थर दाबून धर."

वाळूत मांडी घालून ते शिवायला बसले. मी दोन्ही हातांनी थर दाबून धरले होते आणि ती अर्धगोल सुई माझ्या बोटांमधून वरखाली होत होती. एवढ्यात ग्रीक आला, पूर्ण पोशाखात, हातात यादी. दोरा बघून थांबला. "नो," तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा." त्याचा आवाज वाईट नव्हता, त्यालाही जड जात होतं. पण त्याने यादीवर पेन टेकवलं.

चाचांनी मान वर केली. "माय फ्रेंड. फर्स्ट सी युवर शोल्डर."

ग्रीकाने हात वर नेला. त्याचं चिलखतही एसीच्या घरातून एसीच्या गाडीत बसून आलं होतं. मेणाच्या पॉलिशमुळे जरा उशीर लागला इतकंच. त्याच्या डाव्या पट्टीची कड उचलली गेली होती आणि बोट लावताच तीन थर सुटले. त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. तिथे इटालियन डेंटिस्ट आपली पट्टी हाताने दाबून उभा होता.

"युवर पीपल केम हिअर," चाचा म्हणाले. "बिफोर. इन शिप." ही गोष्ट ग्रीकानेच त्यांना सांगितली होती, या बेटाला त्या काळी टायलॉस म्हणायचे आणि ग्रीक जहाजं इथे आली होती. "सेम सी. सेम एअर. ग्लू मफी. थ्रेड." मफी म्हणजे नाही, हे आखातात आलेल्याला पहिल्या आठवड्यातच कळतं.

त्या काळी एसी नव्हता, हे मला दिसत होतं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण आयुष्यात एकदा तरी मी योग्य वेळी गप्प बसलो. ग्रीक मात्र विचार करत होता. "डेकवर झोपायचे ते," तो हळूच म्हणाला. "पहाटेचं दव. अंगाचा घाम. रोज." मग त्याने यादी घडी करून पट्ट्यात खोचली, चाचांच्या पुढ्यात पाठ करून वाळूत बसला आणि इंग्रजीत म्हणाला, "शिवा."

काय सांगू तुम्हाला! पुढचा पाऊण तास अमवाजच्या किनाऱ्यावर ग्रीक सैन्य रांग लावून बसलं होतं, आणि रत्नागिरीचे चाचा एकेकाचा खांदा शिवत होते. मी थर दाबत होतो. शेवटच्या दोघांचे टाके मी घातले, वाकडेतिकडे, आणि चाचा ओरडत होते, "अरे जवळ घे, जवळ! गोधडी नाय करत हायस!" पोरं पुढे सरकून बघत होती. एकीच्या बापाने फ्लास्कमधला चहा सगळ्यांना वाटला. सूर्य खाली येईपर्यंत बाराही चिलखतं उभी होती.

पहिली रांग, डावीकडून चौथी जागा. चाचांनी टोपी माझ्या हातात दिली आणि शिरस्त्राण चढवलं. ढालीची कड ढालीला लागली. त्यात गंमत अशी, की तुमच्या ढालीचा निम्मा भाग तुम्हाला झाकतच नाही, डावीकडच्या माणसाला झाकतो. ग्रीकाने हुकूम दिला आणि रांग समुद्राकडे निघाली. जुनी ग्रीक आरोळी ठोकायची ठरली होती, पण चाचा उत्साहात "यल्ला!" म्हणून ओरडले आणि मग अख्खी रांग तेच ओरडली, मुलंही, मीही. ढालीवरचं माकूल उन्हात चमकत होतं. चाचांचा पाय एकदाही चुकला नाही. मी टोपी छातीशी धरून वाळूतून त्यांच्या बाजूने धावत होतो आणि माझा चष्मा पुन्हा धुकटला होता, या वेळी एसीमुळे नाही.

तीन आठवड्यांनी चाचा गेले. विमानतळावर त्यांचं चिलखत गोधडीत बांधलेलं होतं, ढाल आधीच कार्गोने गेली होती. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "चालत जा रे," म्हणाले आणि आत गेले. परवा व्हिडिओ कॉलवर चाचींनी मला ढाल दाखवली. अंगणात उलटी ठेवून त्यांनी तिच्यात आमसुलं वाळत घातली होती. "चांगली खोलगट हाय," त्या म्हणाल्या. मागून चाचा म्हणाले, "रंग खराब होईल गो," पण फारसं मनावर घेऊन नाही.

चाचा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये त्यांचा लंबगोल डक्ट शोधायला गेलो. आठवण म्हणून ठेवावा म्हटलं. डक्ट सापडला, पण तो त्यांच्या मापाचा नव्हता. त्यावर मापाने थोडंसं लहान, कोरं पांढरं चिलखत चढवलेलं होतं. बारा थर. खांद्यांवर, बगलेखाली, कडेकडेने, सगळीकडे जवळ जवळ टाके. सरसाचा कुठे वाससुद्धा नव्हता. त्या तीन आठवड्यांत दुपारच्या सुट्टीत ते कुठे गायब होतात, हे मला कळत नव्हतं.

मी शर्टावरच ते चढवलं. डाव्या बगलेखाली जोड जुळला, पट्ट्या खांद्यावरून पुढे घेऊन बांधल्या. पोटाशी बोटभर जागा राहिली. बाकी कुठे टोचलं नाही की ढिलं पडलं नाही. कमरेशी दोऱ्याने लेबल बांधलेलं होतं, प्रत्येक तुकड्याला असायचं तसंच, चाचांच्या मोठ्या मराठी अक्षरात.

साइज – सोळा बाय साडेदहा (पुढच्या वर्षाचा अंदाज धरून).

जागा – पहिली रांग, डावीकडून चौथी.

मी ग्रीकाला फोन लावला आणि जानेवारीची तारीख विचारली.